आईच्या अक्षराचा फॉन्ट

माझ्या आईने कधी कविता लिहिली नाही, डायरी ठेवली नाही. लांबलचक पत्र लिहिल्याचंही मला आठवत नाही. तिच्या हातचं सगळ्यात जास्त लिखाण सापडतं ते कालनिर्णयच्या चौकोनांत. ‘दूध १’, ‘दूध १॥’, ‘गॅस लावला’, ‘बाई नाही’, ‘भाकऱ्या १२’, ‘लाइट बिल’. तिथी आणि नक्षत्र छापून झाल्यावर चौकोनात जी बोटभर जागा उरते, तेवढ्यात. २००६ ते २०१९ अशी चौदा वर्षांची कालनिर्णयं तिने एकही न टाकता गुंडाळून कॉटखालच्या ट्रंकेत ठेवली होती. आई २०२१ साली गेली. बाबांनी ट्रंक उघडली ती वर्षभराने, आणि “तुझ्या कामाचं काही असेल तर बघ” म्हणून ती भेंडोळी माझ्याकडे दिली.

माझं काम म्हणजे ग्राफिक डिझाइन. पुण्यातल्या एका एजन्सीत मी पॅकेजिंग करते. मसाले, लोणची, फरसाण. बाबांच्या भाषेत ‘पाकिटं रंगवते’. या धंद्यात हस्ताक्षराला फार भाव आहे. माल कारखान्यात टनावारी बनतो, पण लेबलवरचं अक्षर घरगुती हवं असतं. ‘थोडं आईने लिहिल्यासारखं वाटू दे’ हा ब्रीफ मी पाच-सहा वेळा तरी ऐकला असेल. त्यामुळे चौदा वर्षांचं आईचं अक्षर समोर आल्यावर डोक्यात पहिला विचार आला तो फॉन्टचाच. त्यात भावनेचा भाग किती आणि धंद्याच्या सवयीचा किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही.

फॉन्ट करायचा म्हणजे आधी नमुने गोळा करायचे. रविवारी बसून मी एकेक पान ६०० डीपीआयवर स्कॅन करायचे आणि अक्षरं कापून वेगवेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचे. ‘क’चं फोल्डर, ‘भ’चं फोल्डर, काना, वेलांट्या, रफार. गावाला गेलेले दिवस वजा केले तरी ‘दूध’ हा शब्द तिने चार-साडेचार हजार वेळा लिहिलाय. म्हणजे ‘द’ आणि ‘ध’ची श्रीमंतीच. उलट ‘औ’ मिळाला तो केवळ ‘औषध’मुळे, ‘छ’ मिळाला ‘छत्री दुरुस्ती’मुळे. ‘ढ’ दोनदाच. ‘ज्ञ’ नाही, ‘ऋ’ नाही, ‘ङ’ आणि ‘ञ’ असण्याचा प्रश्नच नव्हता. एखाद्या माणसाकडे कोणती अक्षरं जास्त आणि कोणती कमी, यावरून त्याचे दिवस कसे गेले असतील ते कळतं. मला ते नीट कळलं ते फोल्डरांवर उजवं क्लिक करून आकडे बघताना.

चौकोनांच्या कोपऱ्यांत कुठेकुठे लाल बॉलपेनने काढलेली एक बारीक गोलसर खूण होती. गोगलगायीसारखी. पहिल्या वर्षांत तिच्यापुढे अजून तीन-चार वळणं दिसायची. ती कन्नड अक्षरं आहेत एवढं मला कळत होतं. फॉन्ट देवनागरी करायचा होता, म्हणून मी ती ‘इतर’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकत गेले.

कन्नड कुठून आलं ते सांगायला हवं. आईचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं. तिकडे घरात कन्नड, बाजारात मराठी, दर्ग्यात आणि एसटी स्टँडवर दोन्ही. तिची चौथीपर्यंतची शाळा कन्नड, पाचवीपासून मराठी. लग्न होऊन ती साताऱ्याला आली, तिथे कन्नड ऐकायला माणूस नाही. मावशीचा फोन आला की ती हॉलमध्ये मोठ्याने बोलायची आणि शेजारच्या काकू हसून ‘यंडुगुंडू चाललंय’ म्हणायच्या. हळूहळू फोनवरचं बोलणं आतल्या खोलीत गेलं. आम्ही भावंडं मराठी. कुणी विचारलं तर आम्ही ‘साताऱ्याचे’ म्हणायचो आणि विषय संपायचा.

आता फॉन्टची गंमत सांगते. हाताने देवनागरी लिहिताना आपण आधी शब्द लिहितो आणि मग त्याच्यावर एकच शिरोरेषा ओढतो. काही जण ओढतही नाहीत. फॉन्टमध्ये असं चालत नाही. तिथे प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा डोक्यावर घेऊन येतं. हे तुकडे एकमेकांवर किंचित चढतील असे आखलेले असतात, म्हणून वाचणाऱ्याला अखंड रेघ दिसते. म्हणजे स्क्रीनवरची शिरोरेषा ही खरं तर रांगेत खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली माणसं. आईच्या लिहिण्यात मात्र रेघ मुळातच तुटक होती. ‘दूध’वर दोन वेगळ्या रेघा, ‘भाकऱ्या’वर तीन. जागा कमी आणि घाई जास्त, म्हणून असेल असं मी धरून चालले होते. सॉफ्टवेअरमध्ये ते तुकडे जोडायचे की सुटे ठेवायचे, यावर माझा एक अख्खा रविवार गेला. जोडले की अक्षर नीटनेटकं व्हायचं आणि आई नाहीशी व्हायची. सुटे ठेवले की कुणीही म्हणेल, फॉन्टमध्ये बग आहे.

तुम्ही हा लेख फोनवर वाचत असाल तर वरच्या ओळींतला कुठलाही ‘ल’ जरा नीट बघा. उजवीकडे पूर्ण उभा दांडा दिसतोय का? बहुतेक फोनवर दिसेल. तो हिंदी वळणाचा ‘ल’ आहे. मराठी शाळेत गिरवतात तो दोन पाकळ्यांचा, दांडा नसलेला. महाराष्ट्र सरकारने २००९ साली मराठी वर्णमालेबद्दल निर्णयही काढला, त्यात मराठी वळणाचा ‘ल’ आहे. कित्येक फॉन्टांमध्ये तो पोटात दडलेला असतो. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली तर बाहेर येतो, नाहीतर नाही. आईचा ‘ल’ पक्का पाकळ्यांचा. पाचवीत गेल्यावर कुण्या बाईंनी गिरवून घेतला असणार, कारण तिच्या अक्षरांत तो एकटाच इतका शिस्तीत आहे. उरलेली अक्षरं गोल, ऐसपैस, जरा मागे रेललेली. तिचा ‘ळ’ म्हणजे दोन वाट्या शेजारी ठेवाव्यात तसा.

मग मोठा प्रश्न आला. चार हजार ‘द’ आहेत, फॉन्टमध्ये घ्यायचा कुठला? काही हस्ताक्षरी फॉन्ट एका अक्षराची दोन-तीन रूपं ठेवतात आणि ती आलटून पालटून वापरतात, म्हणजे लिहिणं खरं वाटतं. मी सगळ्या वर्षांतले दोनशे ‘द’ एकावर एक ठेवून पाहिले. मधे गडद डाग आणि कडेने धुकं. वर्षावर्षाने लावले तेव्हा कळलं. २००६चा ‘द’ उभा आणि ठसठशीत, कागद मागून उमटेल इतका दाबून काढलेला. २०१२च्या आसपास त्याची शेपटी लांबते. २०१८पासून रेषेत कंप आहे. डॉक्टरांनी थरथर लिहून ठेवली ती २०१९च्या मे महिन्यात. ‘द’ला वर्षभर आधीच माहीत होतं. आता फॉन्टमध्ये कुठल्या वर्षीची आई घालायची? कागद फाडेल असं लिहिणारी, की शेवटची? सरासरी काढली तर जी येते ती बाई आमच्या घरात कधीच नव्हती.

कॉलेजात आम्हाला प्रायोगिक डिझाइनच्या तासाला ठरलेल्या स्लाइड्स दाखवत. एप्रिल ग्रायमनने १९८६ साली ‘डिझाइन क्वार्टर्ली’ या नियतकालिकाचा अंक अंकासारखा केलाच नाही. घडी उलगडत गेलं की तिच्या स्वतःच्या शरीराचं माणसाएवढं चित्र समोर येतं, तेव्हाच्या नव्या मॅकिंटॉशवर पिक्सेल पिक्सेल करून घडवलेलं. स्टेफान सागमायस्टरने १९९९ साली एका व्याख्यानाच्या पोस्टरसाठी मजकूर आपल्या अंगावर कापून घेतला आणि त्याचा फोटो छापला. वर्गातली मुलं त्या पोस्टरवर फिदा होती. मला ते कधीच आवडलं नाही. दुखलं हे दाखवायला रक्तच लागतं, असं त्यात कुठेतरी आहे. मला जवळचे वाटायचे र. कृ. जोशी. आपल्या सरकारी अर्जांपासून सोसायटीच्या नोटिशींपर्यंत जो ‘मंगल’ फॉन्ट दिसतो, तो त्यांनी केलेला. आणि हाच माणूस अक्षरांच्या चित्रकविता करणारा कवी. नोटीस आणि कविता, दोन्हींतला ‘क’ एकाच हाताला माहीत असतो, ही गोष्ट मला कापलेल्या कातडीपेक्षा जास्त धाडसाची वाटते.

तरीही फॉन्ट पुढे सरकत राहिला. देवनागरीत जोडाक्षरांमुळे आकार पाचशे-सहाशे सहज होतात. माझे दोनशे बारा झाले. जी अक्षरं तिने कधी लिहिलीच नाहीत, ती मी तिच्या हाताने लिहिल्यासारखी काढायला बसले. ‘ज्ञ’ काढताना लक्षात आलं की मला विचार करावा लागत नाहीये. वळण कुठे ढिलं सोडायचं, शेपटी कुठे तोडायची, हात आपोआप जातोय. मी आयुष्यभर ‘माझं अक्षर’ म्हणत आले त्याचा अर्धा भाग तिचाच आहे. मग हा ‘ज्ञ’ तिचा की माझा? मी तो पुसला. त्या जागी रिकामा चौकोन ठेवला, फॉन्टमध्ये अक्षर नसलं की दिसतो तोच. ‘ङ’, ‘ञ’, ‘ऋ’ या सगळ्यांना चौकोन.

भाऊ बंगळुरूला असतो. त्याने फाइल मागितली, मी पाठवली. दोन दिवसांनी रात्री अकरा वाजता त्याचा स्क्रीनशॉट आला. पांढऱ्या पडद्यावर आईच्या अक्षरात दोन शब्द: ‘जेवलास का’. खाली त्याने काहीही लिहिलं नव्हतं. मी पण लिहिलं नाही. आईने हे शब्द तोंडाने हजारदा विचारले असतील, पण लिहिले कधीच नव्हते. ‘जे’ होता ‘जेवण बाहेर’मधला, ‘वला’ होता ‘गॅस लावला’ उलटसुलट करून, ‘का’ होता ‘काकडी’तला. दुसऱ्या दिवशी त्याने फोन करून एवढंच सांगितलं की मी तो काढून टाकलाय, मला त्यातून काहीही लिहिता येतं, म्हणून काढला. मला त्याचं म्हणणं पटलं. फॉन्ट म्हणजे न बोललेली वाक्यं बोलायला लावायचं यंत्र. जिवंत माणसाच्या बाबतीत ही सोय असते. गेलेल्या माणसाला ‘मी नाही असं म्हणाले’ म्हणता येत नाही.

याच सुमारास ऑफिसातही ती फाइल माझ्या स्क्रीनवर कुणीतरी पाहिली. एक पापडाचा क्लायंट होता, त्याला हे अक्षर फिट बसेल, पैसेही वेगळे मिळतील. मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, “तिला पापड लाटायचा भयंकर कंटाळा होता.” विषय तिथेच मिटला. ऑफिसात मी ‘हक्कांचा प्रश्न आहे’ असं काहीतरी सांगितलं.

फॉन्ट थांबला तरी ‘इतर’ फोल्डर तसंच होतं. एका रात्री मी त्यातले चार फोटो मावशीला व्हॉट्सॲपवर पाठवले. मावशीला टाइप करायचा वैताग, ती व्हॉइस नोट पाठवते. मागे कुकरच्या शिट्ट्या, आणि ती म्हणते, “अगं, ‘निद्दी इल्ल’ लिहिलंय. झोप नाही. आमच्या अव्वाला पण असंच होतं. नंतर नंतर नुसता ‘नि’ काढलाय बघ.” पुढे बराच वेळ नुसता कुकरचा आवाज आहे.

गोगलगाय म्हणजे ‘नि’.

मी ‘इतर’मधल्या सगळ्या खुणा तारखांना जोडल्या. चौदा वर्षांत सहाशे एक्केचाळीस. दुधाच्या शेजारी, भाकऱ्यांच्या शेजारी, रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, फ्रिजच्या बाजूच्या भिंतीवर. बाबा तिथेच उभे राहून चतुर्थी कधी आहे ते बघायचे. मी तिथेच परीक्षेच्या तारखांना गोल करायचे.

जॉर्जिया लुपी आणि स्टेफनी पोसावेक या दोघी डिझायनर न्यूयॉर्क आणि लंडनहून वर्षभर दर आठवड्याला एकमेकींना एक पोस्टकार्ड पाठवत होत्या. त्या आठवड्यात किती वेळा तक्रार केली, किती वेळा घड्याळ पाहिलं, अशी स्वतःची मोजदाद चित्ररूपात. ‘डिअर डेटा’ नावाने ते काम जगभर गाजलं, मलाही फार आवडतं. त्यांच्या प्रत्येक कार्डाच्या मागे ते चित्र कसं वाचायचं याची किल्ली असे. आईने तेच काम चौदा वर्षं केलं. तिचं कार्ड कुणाला पाठवायचं नव्हतं आणि मागच्या बाजूला किल्ली नव्हती. किंवा किल्ली होती, ती म्हणजे तिची भाषा, आणि ती घरात आमच्यापैकी कुणाकडेच नव्हती. लपवायचं म्हणून तिने कन्नडमध्ये लिहिलं, की झोप नाही ही गोष्ट तिला मराठीत कधी सुचलीच नाही? मावशी म्हणते दुसरं. मी कधी पहिल्या बाजूला असते, कधी दुसऱ्या.

मावशीने मग आपल्या हाताने कन्नड बाराखडी लिहून तिचा फोटो पाठवला. कन्नडमध्ये शिरोरेषा नसते. बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर आपापली छोटी खूण असते, तिला तलकट्टु म्हणतात. ती अक्षरागणिक सुटी. मावशीचा कागद आणि आईचं ‘भाकऱ्या’ शेजारी शेजारी ठेवलं, आणि त्या तीन तुटक रेघांकडे मी बराच वेळ बघत बसले. घाईची ती खूण नसावी, असा माझा अंदाज आहे. चौथीपर्यंत हात प्रत्येक अक्षराला वेगळी टोपी घालायला शिकला होता, पुढे भाषा बदलली तरी त्याने ते सोडलं नाही.

मग मी फॉन्टऐवजी पोस्टर केली. एका वर्षाला एक, वीस बाय तीस इंचांच्या कागदावर. बारा ओळी, एकतीस रकाने. ज्या दिवशी तिने जे ‘दूध’ लिहिलं तेच त्या दिवसाच्या चौकोनात, त्याच कंपासकट, निळ्या रंगात. ज्या रात्री झोप नव्हती तिथे तिचा ‘नि’, लाल. बाकी काही नाही. शीर्षकही नाही. एकही अक्षर मी पुन्हा काढलेलं नाही, निवडलेलं नाही, सरळ केलेलं नाही. छापली स्क्रीन प्रिंटिंगवर, लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दादांकडे. त्यांनी पॉझिटिव्ह उजेडात धरून बघितल्या आणि विचारलं, “ताई, हे दुधाचं बिल एवढं मोठं कशाला करताय?” मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या रंगाच्या वेळी चार कागदांवर लाल अर्धा मिलिमीटर सरकला, तेव्हा मी न सांगताच त्यांनी ते बाजूला काढले आणि नवीन कागद घेतले. एरवी पत्रिकेत एवढं सरकलेलं त्यांना चालतं.

चौदाही कागद घेऊन साताऱ्याला गेले. हॉलमध्ये जमिनीवर अंथरले, सोफा सरकवावा लागला. बाबा कडेकडेने चालत बघत होते. वर्षं ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. “हे आपण कोकणात गेलो होतो ते,” म्हणाले, सलग आठ रिकाम्या चौकोनांवर बोट ठेवून. मग म्हणाले, “आणि हे लाल काय?”

मी सांगितलं. ते खाली बसले. थोड्या वेळाने म्हणाले, “मला वाटायचं पाणी प्यायला उठते.”

चहा झाला. बाबांनी चष्मा लावून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी ते लाल बघत होते. २००९मध्ये तुरळक. २०११च्या दिवाळीनंतर एक झुपका, ती आजी आजारी होती तेव्हाची. २०१३च्या जूनपाशी ते थांबले. सलग नऊ दिवस लाल. आम्ही दोघांनी आठवून पाहिलं. माझं कॉलेज तेव्हा सुरू झालं नव्हतं, भावाची शाळाही नुकतीच उघडलेली. कुणी आजारी नाही, पैशांची ओढाताण नाही. “तेव्हा तर काहीच झालं नव्हतं,” बाबा दोनदा म्हणाले.

मग त्यांनी लालवरून बोट निळ्यावर नेलं. “दूध बघ.”

त्या नऊ दिवसांत प्रत्येक चौकोनात ‘दूध २॥’ होतं. आमच्याकडे रोज एक लिटर, फार तर दीड. अडीच लिटर यायचं ते कुणी राहायला आलं तरच. आणि जूनमध्ये, पेरणीच्या दिवसांत, आमच्याकडे सहसा कुणी येत नसे.

बाबांनी फोन घेतला आणि मावशीचा नंबर शोधायला लागले.